पाळी चुकायच्या आधी

रविवारची वंदना आटोपली, बायका विहाराच्या पायऱ्यांवर चपला शोधत होत्या आणि एक नवी सून आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, लग्नाले आठ महिने झाले. आता लेकराचं मनावर घेतलं आम्ही. आधी काही करा लागते काय?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आम्ही म्हणजे वॉर्डातली नोकरी सोडून नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या दोन नर्सा आणि सोबतची एक आशाताई. जनरल नर्सिंगचा डिप्लोमा घेतल्याला आता वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत हा प्रश्न आम्हाला किती बायांनी विचारला असेल? बोटांवर मोजता येतील इतक्या. बाकीच्या आल्या त्या तिसऱ्या महिन्यात, चौथ्या महिन्यात, कोणी तर सातव्यात. वॉर्डात असताना आम्हीही त्यांना रागावत होतो. "आधी का नाही आलीस?" असं किती जणींना सुनावलं असेल! आधी यायचं असतं हे तिला सांगितलं कोणी होतं? आम्ही तर नव्हतंच सांगितलं. ती चूक आमची होती, म्हणून यावेळचं आरोग्याचं पान त्या सुनेच्या प्रश्नासाठी.

तारखांचा साधा हिशेब करून पाहू. समजा, एखादीला १ एप्रिलला पाळी आली. तिची पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे. गर्भ राहिला तो भीमजयंतीच्या आसपास, १४ एप्रिलला. पुढची पाळी २९ एप्रिलला यायला हवी होती, ती आली नाही. बाई आठवडाभर वाट पाहते. उन्हामुळे असेल, दगदगीमुळे असेल, असं म्हणते. मग मेडिकलमधून पट्टी आणते, दोन रेघा दिसतात, सासूला सांगायचं की आईला आधी, यात आणखी चार दिवस जातात. इकडे १२ मेपर्यंत, म्हणजे गर्भ राहिल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत, बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी तयार होऊन बंदसुद्धा झालेली असते. ती नीट बंद झाली नाही, तर बाळाच्या पाठीवर फोड येतो, पाय लुळे राहतात, किंवा डोक्याची कवटीच बनत नाही. नाव नोंदवायला बाई जाते जूनमध्ये. तिथे तिला गोळी मिळते, पण नळीचं काम गेल्या महिन्यातच संपलेलं असतं.

ही गोळी म्हणजे फॉलिक ॲसिड. पिवळी, छोटीशी, अगदी स्वस्त. ज्या बायांना आधी असं एक बाळ झालं होतं त्यांच्यावर सात देशांतल्या ३३ केंद्रांत एक मोठा अभ्यास झाला. तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेणाऱ्या बायांमध्ये पुन्हा तसं बाळ होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झालं. आधीपासून, हे महत्त्वाचं. साध्या तब्येतीच्या बाईने गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून तिसरा महिना संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायचं. आम्ही तीन महिने आधी सांगतो, कारण गर्भ काही कॅलेंडर पाहून राहत नाही. आधी पाठीचा दोष असलेलं बाळ झालं असेल, फिट्सच्या गोळ्या चालू असतील, मधुमेह असेल किंवा स्वतःला सिकलसेलचा आजार असेल, तर मात्रा वेगळी लागते. ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातसुद्धा मूल हवं असणाऱ्या बाईने ही ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यावी असं लिहिलेलं आहे. तेव्हा दवाखान्यात कोणी "दिवस राहिल्यावर या" म्हणून परत पाठवलं, तर पुन्हा विचारा.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. गर्भार नसलेल्या बाईला ते निदान १२ असावं. वस्तीत तपासलं की आठ, नऊ, साडेनऊ असे आकडे येतात, आणि ती बाई चार घरची धुणीभांडी करून आलेली असते. तिला विचारलं तर म्हणते, "मले काही नाही, फक्त पायऱ्या चढताना दम लागते."

आता आठचं बारा व्हायला रोज लोहाच्या गोळ्या खाऊनही साधारण तीन-चार महिने लागतात. पोटात बाळ असताना हेच काम करायचं म्हटलं, तर एकीकडे आपण भरतो आणि दुसरीकडे बाळ ओढून घेतं. बाळंतपणात रक्त गेलं तर आठवालीला जड जातं, बारावाली निभावून नेते. आम्ही वॉर्डात दोन्ही पाहिल्या आहेत.

गोळीबरोबर चहा घेऊ नका. जेवणानंतर लगेच चहा हीच आपल्या घरांतली मोठी खोट आहे. चहा लोह अंगी लागू देत नाही. निदान तासभर थांबा. लिंबू पिळा, आवळा खा. संडास काळी होईल, घाबरू नका. जंताची गोळी आत्ताच, गर्भ राहायच्या आधीच घेऊन टाका, कारण पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत. नाल्याकाठच्या, अनवाणी चालणाऱ्या वस्तीत जंत रक्त पितात, हे खरंच आहे. पाळीत फार रक्त जात असेल तर तेही सांगा. नुसत्या गोळ्या ओतून भोक पडलेली बादली भरत नाही.

खाण्याबद्दल लोक आम्हाला विचारतात, "ताई, कोणती पावडर आणू?" कोणतीच नको. अंबाडीची भाजी, बरबटी, मोट, भिजवलेले चणे, फुटाणे आणि गूळ, जवसाची चटणी, तीळ, रोज एक अंडं. सुकट, झिंगे. आणि एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ती सांगायला आपल्याच शिकलेल्या घरांना लाज वाटू लागली आहे. आपल्या आज्या जी वजडी, कलेजी, रक्ती शिजवत होत्या, ती लोहाने आणि बी-१२ ने भरलेली होती. दुसऱ्यांनी टाकून दिलेलं म्हणून ते आपल्या ताटात आलं, हे खरं. पण त्यात जे लोह होतं, ते खरंच होतं. आठवड्यातून एकदा कलेजी खाल्ली तर लाजायचं कारण नाही. दिवस राहिल्यावर मात्र कलेजी टाळा, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. आणि घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायची पद्धत आजही आपल्या किती घरांत आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावं. तळाचा रस्सा पिऊन हिमोग्लोबिन चढत नाही.

आता ज्या विषयासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला, तो सिकलसेल.

विदर्भात हा शब्द माहीत नाही असं घर आपल्यात कमी असेल. नागपूर भागातल्या लोकांमधल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ सालीच छापून आलं होतं. आदिवासी समाजांत, आपल्या समाजात, काही इतर मागास समाजांतही तो आढळतो. तो पाप नाही, करणी नाही, कोणाच्या जातीचा डागही नाही. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाने माणसं मरत होती, तिथे रक्तात सिकलचा एक वाटा असलेली माणसं मलेरियातून जास्त वाचली आणि त्यांचा वंश पुढे चालला. इतकीच त्याची गोष्ट आहे.

ज्याला आईबापांपैकी एकाकडूनच हा वाटा मिळाला, तो वाहक. रिपोर्टात 'एएस पॅटर्न' लिहून येतं. तो आजारी नसतो, पोलिसात भरती होतो, ओझी उचलतो, त्याला कधी कळतही नाही. दोघांकडून मिळाला तर 'एसएस', म्हणजे आजार: हाडं फोडणाऱ्या वेदना, कावीळ, वारंवार ताप, रक्त चढवणं. नवरा-बायको दोघंही एएस असले तर काय होतं, हे आम्ही विहारात चार चिठ्ठ्या मडक्यात टाकून दाखवतो. एक चिठ्ठी निरोगी, दोन वाहक, एक आजारी. डोळे मिटून एक काढायची. मग ती चिठ्ठी परत मडक्यात टाकायची. हे परत टाकणं लोकांच्या ध्यानात येत नाही. "पहिल्याला झाला, आता पुढचे तीन चांगले निघतील" असं म्हणणारे बाप आम्हाला भेटले आहेत. प्रत्येक खेपेला चारही चिठ्ठ्या मडक्यात असतात.

एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचं रक्त साफ असेल, तर एकाही लेकराला एसएस होणार नाही. हे वाक्य पुन्हा वाचा, कारण याच्या अज्ञानापायी मुलींची लग्नं मोडतात. आमच्या ओळखीच्या एका मुलीचं मोडलं. मुलाकडच्यांनी तिचा रिपोर्ट मागितला. तिने प्रामाणिकपणे एएस म्हणून दाखवला आणि दुसऱ्या दिवशी नकार आला. आम्ही त्या घरी गेलो आणि विचारलं, मुलाचा रिपोर्ट कुठे आहे? त्याची आई म्हणाली, "त्याचा कायले? पोराले काय झालं?" पुढे त्या मुलाने आम्हाला न सांगता स्वतःच तपासणी केली की नाही, माहीत नाही. मुलीचं नंतर दुसरीकडे मंगल परिणय झाला. त्या मुलाने आधी आपला रिपोर्ट पुढे ठेवला. साफ होता. आपण पत्रिका जुळवणं सोडलं, गुण पाहणं सोडलं, याचा आम्हाला अभिमान आहे. त्या जागी एक रक्ताचा कागद ठेवायला काय हरकत आहे? पण दोघांचा. वधू-वर परिचय मेळाव्यात मुलीचा एकटीचा कागद मागणं ही पुन्हा पत्रिकाच झाली.

तपासणी दोन टप्प्यांची असते. बोटाच्या रक्तावर सोल्युबिलिटीची चाचणी होते. ती फक्त सिकल आहे की नाही एवढंच सांगते, वाहक की आजारी हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. ही दुसरी चाचणी करूनच घ्या, कारण एक जण सिकलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरी लेकराला आजार होऊ शकतो आणि पहिल्या चाचणीत ते कळत नाही. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून तपासणीची कार्डंही मिळतात. शाळेत असताना तपासणी झाली होती पण कागद हरवला, असं सांगणारे फार आहेत. पुन्हा करा.

लग्न झालेलं आहे आणि दोघंही एएस निघाले, तर? घर मोडायचं कारण नाही. बायकोला माहेरी पाठवायचं तर मुळीच नाही, वाटा दोघांचा सारखा आहे. पण गर्भ राहण्याच्या आधीच मोठ्या दवाखान्यात समुपदेशकाशी बोलून ठेवा. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा बारीक तुकडा तपासून बाळ एसएस आहे का हे कळू शकतं. ही सोय सगळीकडे नसते, म्हणून पत्ता आधी शोधायचा. पुढचा निर्णय त्या बाईचा, कायदा तिला तो हक्क देतो. आणि ज्यांनी एसएस लेकरू वाढवायचं ठरवलं त्यांच्याकडे दयेने पाहू नका. जन्मताच निदान, पेनिसिलिन, लसी, हायड्रॉक्सीयुरिया यांनी ही मुलं आज शिकतात, कमावतात. स्वतः एसएस असलेल्या मुलीलाही आई होता येतं, पण हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर ती गर्भ राहण्याच्या बरीच आधी डॉक्टरांच्या सांगण्याने थांबवावी लागते. नवरा घेत असेल तर त्यानेही विचारावं. तिने लोहाच्या गोळ्याही मनाने खाऊ नयेत. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साचलेलं असतं.

नवऱ्याचं नाव निघालंच आहे तर त्यांच्याशीही बोलू. "मले काय झालं ताई, मी थोडीच पोटुशी राहतो?" हे आम्ही दर आठवड्याला ऐकतो. पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात. आज खर्रा सोडला तर त्याचा फायदा तीन महिन्यांनी दिसेल. खर्रा, बिडी, दारू यांनी बीज कमी होतं, दुबळं होतं. भट्टीसमोर, वेल्डिंगवर, तापलेल्या इंजिनावर दिवसभर बसणाऱ्यांनाही उष्णतेने फरक पडतो. बायांनीही इथे खरं बोलावं. दात घासायचा म्हणून तोंडात धरलेला गुडाखू आणि नस ही तंबाखूच आहे. तिने बाळ कमी वजनाचं होतं, दिवस भरायच्या आधी होतं, कधी पोटातच दगावतं. दिवस राहिल्यावर सोडू म्हणणारी सोडत नाही, तेव्हा तर मळमळीवर म्हणून जास्तच घासते. आत्ता सोडणं सोपं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. उपाशीपोटी साखर आणि बीपी तपासा. साखर चढलेली असली तर पहिल्याच आठवड्यांत बाळाच्या हृदयात आणि मणक्यात दोष येऊ शकतो. थायरॉइड तपासा. एचआयव्ही, गरमी, काविळीचा बी प्रकार या तपासण्या नवरा-बायको दोघांनी सोबत कराव्यात. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुपित असते. रुबेलाची लस राहिली असेल तर घ्या आणि पुढे महिनाभर गर्भ राहू देऊ नका. टीबीचं औषध चालू असेल तर कोर्स पुरा होऊ द्या. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, म्हणून तोवर निरोध वापरा. फिट्सच्या, बीपीच्या काही गोळ्या बाळाला घातक असतात, विशेषतः व्हॅल्प्रोएट. पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. डॉक्टरला एवढंच सांगा, "मला मूल हवं आहे, हे चालेल का?" अंतरा इंजेक्शन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की ते बंद केल्यावर गर्भ राहायला बरेच महिने लागू शकतात. तांबी काढली की तसा उशीर होत नाही.

दोन बाळंतपणांत अंतर हाही तयारीचाच भाग आहे. पहिलं लेकरू दोन वर्षांचं होईपर्यंत दुसऱ्याचा प्रयत्न करू नये, म्हणजे अंगातलं लोह आणि फॉलिक ॲसिड पुन्हा भरतं. १९३८ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला होता. तो फेटाळला गेला. आज गोळ्या, तांबी सगळं वस्तीच्या दवाखान्यात फुकट आहे, पण घरातली घाई तीच आहे. लग्नाला सहा महिने झाले की शेजारीण पोटाकडे पाहते. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत तर तपासणीला जावं, पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांनी. आणि जाताना दोघं जा. पुरुषाच्या बीजाची तपासणी सगळ्यात सोपी असते, तरी ती सगळ्यात शेवटी होते.

मागच्या महिन्यात महिला मंडळाच्या बैठकीत हे सगळं सांगत होतो, तर एक सासूबाई वैतागल्या. "आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या? झाली ना लेकरं?"

आम्ही विचारलं, "मावशी, किती झाली?"

"सात."

"आणि राहिली?"

त्या गप्प बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पाच." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "जाय, उद्या दवाखान्यात जाऊन ये. अन् त्यालेही घेऊन जाय."

पायरीवर भेटलेल्या त्या नव्या सुनेचं हिमोग्लोबिन ९.२ निघालं. गोळ्या चालू आहेत, चहा जेवणानंतर तासाने घेते म्हणते. तिचा सिकलसेलचा रिपोर्ट एएस आला आहे. नवरा दोन रविवार टाळत होता, तिसऱ्या रविवारी आला आणि खर्रा थुंकून खुर्चीवर बसला. त्याच्या रक्ताचा कागद येत्या आठवड्यात येईल. तोवर त्यांनी थांबायचं ठरवलं आहे.